गोल पंगत

एका जंगलात, बाळांनो, दर कार्तिकात आवळीभोजन व्हायचं. म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली साऱ्या जंगलानं मिळून जेवायचं. मिळून म्हणजे अर्थात पाळीपाळीनं. पहिली पंगत वाघोबा आणि त्यांच्या मंडळींची. दुसरी हरणा-माकडांची. तिसरी उरल्यासुरल्यांची. आणि तिन्ही पंगतींना वाढायचं काम साळूबाईचं.

साळूबाई म्हणजे साळिंदर. पाठीवर काटे, पण स्वभावानं मऊ. "घ्या हो अजून थोडा," असा आग्रह करकरून वाढायची. सगळ्यांचं आटोपलं की पातेल्याच्या बुडाची खरवड घेऊन एकटीच बसायची. खरवड गार असायची, करपलेली असायची. एवढ्या वर्षांत गरम मसालेभाताचा तिनं नुसता वास घेतला होता. एकदा तरी वाफाळता भात आपल्या पानात पडावा, एवढीच बिचारीची इच्छा होती.

एका वर्षी कोल्हेबुवा शहराच्या कडेपर्यंत जाऊन आले आणि येताना समता शिकून आले. लगेच सभा भरली.

"यापुढे कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही," कोल्हेबुवा म्हणाले. "सगळे एकाच पंगतीत, एकाच वेळी जेवणार!"

"मीसुद्धा?" साळूबाईनं विचारलं.

"तुम्ही तर सगळ्यांच्या आधी! म्हणजे आधी नव्हे, बरोबरीनं."

साळूबाईला भरून आलं. त्या आनंदात तिनं दोन दिवस काटे विंचरले.

आता पंगत सरळ मांडली की तिला पहिलं टोक येतं, आणि त्या टोकाला बसायचं कोणी यावरून भांडण होतं. म्हणून पंगत गोल मांडली. पत्रावळी एका मापाच्या. जागा वितीनं मोजलेल्या. हत्ती ससाभर जागेत अंग चोरून बसला. वाघोबा सशाच्या शेजारी बसले. ससाही बसला, पण त्याचं जेवणाकडे फारसं लक्ष नव्हतं.

अस्वल आचारी होतं. त्यानं मसालेभाताचं पातेलं मधोमध आणून ठेवलं, हात धुतले आणि तेही पंगतीत बसलं. साळूबाई बसली. मग सगळे वाट पाहू लागले.

कशाची, ते बराच वेळ कुणाच्या ध्यानातच येईना. शेवटी माकड म्हणालं, "पण वाढणार कोण?"

जो उठेल तो वाढपी होणार, आणि बाकीचे बसून खाणार. मग समता राहिली कुठे?

"मी उठलो असतो," वाघोबा म्हणाले, "पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मी अडकलोय," हत्ती म्हणाला.

"आपापलं वाढून घेऊ या," माकडानं सुचवलं.

"अस्वलाची मूठ केवढी आणि माझी केवढी!" ससा ओरडला.

त्यावर कोल्हेबुवांनी समतेवर आणखी एक भाषण केलं. भात निवत चालला. आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा साळूबाईकडे वळल्या.

"साळूबाई, तुमच्या हातचं वाढणं म्हणजे काय सांगावं!" वाघोबा फारच गोड आवाजात म्हणाले.

"मी आज जेवायला बसलेय, महाराज."

"वाढणं हे काय हलकं काम आहे?" कोल्हेबुवा म्हणाले. "उलट तो मान आहे. आम्ही तुम्हाला समता मंडळाचं अध्यक्ष करतो!"

टाळ्या झाल्या. साळूबाईला असा संताप आला की अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला. ती उठली. सगळ्यांनी हुश्श केलं आणि पानं पुढे सरकवली.

साळूबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. तळाचा भात अजून वाफाळत होता. पळी खोल घालून तिनं तो आपल्याच पानात वाढला. वर तुपाची धार धरली. आणि जाग्यावर बसून जेवू लागली.

"अहो, हे काय?" कोल्हेबुवा किंचाळले. "आणि आम्ही?"

"पळी पातेल्यात आहे," साळूबाई घास चावत म्हणाली. "ज्याला मान हवा असेल, त्यानं उठावं."

कुणीही उठलं नाही. साळूबाईनं तीनदा भात घेतला. बाकीचे उपाशी घरी गेले. पण सगळे अगदी सारखे उपाशी. कुणाला कुणापेक्षा एक शीतही जास्त मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. समता अप्रतिम होती, पण साळूबाईच्या हावरटपणामुळे तिला गालबोट लागलं, असं एकमतानं ठरलं.

तात्पर्य : संपूर्ण समता कुठल्याही समाजात सुखानं नांदू शकते. वाढपी तेवढा शेजारच्या जंगलातून आणावा.