वामनरावांचं लोणी

काय खावं हे माणसाला भूक सांगते. काय खाऊ नये हे ठरवायला मात्र शिक्षण, फुरसत आणि भरलेली कोठी लागते. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, सगळा मुलूख अमेरिकेहून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीवर आला असताना, नवीन जालन्यात या तिन्ही गोष्टी बाळगून असलेला एक गृहस्थ होता. गावाच्या दृष्टीने ही अभिमानाचीच बाब. त्यांचं नाव वामनराव वकील.

वामनरावांच्या काळ्या कोटाची बटणं लागेनाशी झाली होती. त्यांचे मेहुणे डॉक्टर होते आणि नुकतेच अमेरिकेहून आले होते (या दोन गोष्टी जमल्या की माणसाचं म्हणणं तपासायची गरज उरत नाही). मेहुणे म्हणाले, "भाकरी, पोळी, भात, साखर बंद. मटण, अंडी, लोणी हवं तेवढं." मटण घराण्यात बसत नव्हतं, अंडी पत्नी प्रेमलाबाईंच्या स्वयंपाकघरात. उरलं लोणी. आता एकाच पदार्थावर जगायचं म्हटल्यावर तो पारखूनच घ्यायला हवा.

मुंबईचं डब्यातलं लोणी आणवलं. त्यात मीठ निघालं. रक्तदाबाच्या भीतीने ते बाद. जुन्या जालन्यातल्या दुकानातलं लोणी तव्यावर टाकताच त्याला डालड्याचा वास आला. घरी रतिबाचं दूध विरजून प्रेमलाबाईंनी सकाळभर घुसळलं. पाणी भरपूर आलं. "एवढ्या कष्टात मीच बारीक होईन," असं त्या म्हणाल्या, पण शास्त्रीय चर्चेत घरच्यांचं मत धरत नाहीत.

तेव्हा वामनरावांना नंदाबाईची आठवण झाली.

गावाबाहेर जनावरांची छावणी होती. ती चालवणाऱ्या दुष्काळ साहाय्य मंडळाचे वामनराव अध्यक्ष होते. नंदाबाई आपली एकुलती म्हैस घेऊन तिथे राहिली होती. दिवसभर सडकेच्या कामावर खडी फोडायची, सांज-सकाळ म्हैस पिळायची. सोबत आईवेगळी तान्ही नात. तिने आणून दिलेला लोण्याचा गोळा वामनरावांनी जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. निवड झाली.

मेहुण्यांनी मात्र कळवलं की जनावर हिरव्या चाऱ्यावर असेल तरच लोण्याला खरा गुण. छावणीत वाळला कडबासुद्धा मोजून मिळत होता. मंडळाने बैठक घेऊन ठराव केला: एका म्हशीवर 'हिरव्या चाऱ्याचा प्रयोग' करण्यात यावा. आजारी जनावरांसाठी आलेला हिरवा लसूणघास तिच्याकडे वळवण्यात आला. (आजारी जनावरांनी हरकत घेतली नाही, अशी नोंद आहे.) प्रयोगात बाधा येऊ नये म्हणून दूध इतरत्र वापरू नये, हेही ठरलं.

नंदाबाई पदर सावरत वकिलांच्या ओट्याखाली उभी राहिली. "साहेब, नातीला वाटीभर दूध लागतंय. लेकरू रडून राह्यलंय."

वामनराव मनाने कठोर नव्हते. त्यांनी तिला समजावून सांगितलं, "दुधात साखर असते, नंदाबाई. पोरीला या वयापासून साखरेची सवय कशाला?"

"साखर कुठली साहेब? राशनवर बी न्हाई."

"मग आणखी चांगलं," वामनराव म्हणाले. गरिबांना विज्ञान आपोआप साधतं याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

इतकं, की ते ज्ञान आपल्यापुरतं ठेवणं त्यांना अप्पलपोटेपणाचं वाटू लागलं. सडकेच्या कामावर जाऊन त्यांनी दुपारच्या सुटीत भाकरीचे दुष्परिणाम या विषयावर भाषण दिलं. बाया फडकी सोडून जेवत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मंग आमचं बराबर चाललंय म्हणायचं. भाकर अर्धी झालीच हाये. लोणी तेवढं यायचं राह्यलंय." सगळ्या हसल्या. भाषण पोचलं, असं वामनरावांना वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी कोट सैल झाला. मंडळाने सत्कार केला. जनतेच्या काळजीने अध्यक्ष किती खंगले, हे सांगताना वक्त्याचा गळा भरून आला. वामनराव आधी चपापले. मग त्यांना ते पटू लागलं. शेवटी त्यांनी डोळे टिपले. प्रेमलाबाई उठून घरी गेल्या.

तिकडे छावणीत दोन बैल मेले. घास कुणाच्या दावणीला जातो हे सगळ्यांना दिसत होतं, आणि अध्यक्षांना बोलायची सोय नसल्यामुळे माणसं नंदाबाईला बोलली. तिचं पाणी तोडलं. एका सकाळी तिने म्हैस दाव्यातून सोडून पुढे घातली, रडायचंही थांबलेली नात कडेवर घेतली आणि अंबडच्या रस्त्याने निघून गेली. लोण्याचा गोळा न आल्यामुळे वामनरावांचा तो दिवस फार वाईट गेला. पण ते खचले नाहीत. दुसरं लोणी शोधलं, आणि कोट पुढेही सैलच राहिला.

ही हकीकत सांगितली की ऐकणारे हळहळतात, आणि मग जरा थांबून विचारतात, ते दुसरं लोणी कोणतं? आपल्याही मनात तेच आलं असणार, म्हणून सांगून ठेवतो: गाईचं, बिनमिठाचं, सकाळी उपाशीपोटी. पोरीचं काय झालं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.