खाणीतली गोधडी

गावचं बोअर आटल्याचं कळलं त्या सकाळी सगळं गाव पंचायतीपुढं भांडत होतं, आणि राधाकृष्ण जुन्या दगडखाणीच्या काठावर बसून बायकोशी बोलत होता. बनुबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची गोधडी मात्र अजून खाणीच्या तळाशी होती. एका वर्षी घटस्थापनेआधी ती गोधड्या धुवायला इथं आली, आणि भिजून जड झालेली गोधडी तिच्या हातून निसटली. "काढतो उद्या," असं राधाकृष्ण म्हणाला होता. त्याला पोहायला येत नाही हे तिला माहीत होतं, तरी ती काही बोलली नव्हती.

रस्त्याच्या खडीसाठी खोदलेली ती खाण क्रशरवाले गेल्यावर पाण्यानं भरली होती. हिरवं, गप्प पाणी. त्यात ढग सावकाश चालायचे. राधाकृष्णाला वाटायचं, बनुबाई तळाशी गोधडी पांघरून दुपारची जरा पडली आहे.

सरपंच कडूबाईंनी ठरवलं, खाणीचं पाणी गाळून, औषध टाकून गावाला द्यायचं. पंपावर बसायला कोणी तयार होईना. राधाकृष्णानं आपणहून हात वर केला. पाणी उपसलं की तळ दिसेल, एवढंच त्याच्या मनात होतं. गावानं त्याच्या समाजसेवेचं कौतुक केलं.

पाण्याचा नमुना घ्यायच्या आदल्या दिवशी दवंडी झाली: उद्यापासून खाणीत धुणं बंद. घटस्थापना तोंडावर आलेली. मग धुवायचं ते आजच, असं घरोघरी ठरलं आणि अख्ख्या गावाच्या गोधड्या खाणीवर आल्या. संध्याकाळी पाण्यावर फेसाचे ढग तरंगत होते. राधाकृष्णाला ते छानच दिसले.

तपासणीवाल्यानं बाटली हलवली, तशी ती फेसानं भरून आली. पाणी आणायचं सोडून साबण कशाला आणला, असं त्यानं ग्रामसेवकाला विचारलं.

कडूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता समदं उपसाया लागंल. भावजी, तळ दिसंस्तवर पंप बंद करू नगा."

"न्हाई करत," राधाकृष्ण म्हणाला. तो इतका खुलला की कडूबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या.

पंप सुरू झाला. फेस माळावरून वाहत गेला. राधाकृष्ण काठावरच जेवला, काठावरच झोपला. पुन्हा उजाडलं, पुन्हा मावळलं. फेस संपला, पाणी नितळ झालं, पण काठाखाली उतरेना. कपारींत झरे होते. जेवढं उपसावं तेवढं आत येत होतं.

कडूबाईंनी नारळ फोडला आणि त्याच्या गळ्यात हार घातला. "तुमी पंप लावून धरला म्हून झरं कळलं. न्हाईतर एवढं कोन उपसतंय?"

"पानी उतरंना," राधाकृष्ण डोळे पुसत म्हणाला.

"मंग? चांगलंच हाय की."

"व्हय," तो म्हणाला. "चांगलंच हाय."

आता गावाला रोज पाणी येतं. खाणीत कोणी उतरायचं नाही, असा नियम झाला आहे, आणि राखणीला राधाकृष्णच आहे. गोधडी काढायची राहिली आहे.