उंदीर नेमका कुठला?

चहाचा पहिला घोट घेताना सुहासिनीला प्रयोगशाळेतून सहकारी रणजितचा फोन आला. "मॅडम, एक चूहा कम है."

हे उंदीर साधे नव्हते. साध्या उंदरांना कोरोना सहसा नीट जडत नाही, म्हणून यांच्यात माणसाचं एक जनुक घातलं होतं. विषाणू फुप्फुसात कसा पसरतो, ते यांच्यावरून कळणार होतं. संसर्ग अजून दिलेला नव्हता, पण उंदीर हरवला तर चौकशी ठरलेली. प्रयोगही बंद पडायचा.

"पिंजऱ्यातला कापूस उचलून नीट बघ," ती म्हणते न म्हणते तोच नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "सुहास, उंदीर!"

रेल्वेत इंजिनिअर असलेला नरहर भाजीची टोपली उंदरावर पालथी घालून, वरून दोन्ही हातांनी दाबून बसला होता. "आमचाही एक हरवलाय!" म्हणत सुहासिनी धावत आली. "पण तुमचे कोरोनावाले उंदीर पांढरे असतात ना?" त्याने विचारलं.

"आमचे काळपट असतात रे!" ती घाबऱ्या आवाजात म्हणाली. टोपलीखालचाही काळपटच होता. प्रयोगशाळेतून निघताना आपण अंघोळ करतो, कपडे बदलतो, तिथून मुंगीसुद्धा बाहेर पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने पर्स पलंगावर उपडी केली.

"मारू का?" नरहरने विचारलं.

"खबरदार!" सासूबाई, मालिनीताई, पुढे आल्या. "त्यात माणसाचा अंश आहे म्हणते ना ही? कुणाचा गं?"

"कुणाचा म्हणजे? तसं नसतं हो आई!"

शेजारच्या बाल्कनीत निगमजी झाडांना पाणी घालत होते. त्यांना 'कोरोना' आणि 'उंदीर' एवढंच समजलं, आणि तेवढं पुरलं. थोड्याच वेळात गोमती नगरच्या त्या सोसायटीत लिफ्ट बंद झाली. जुने मास्क कपाटांतून बाहेर आले. निगमजी जिन्यात उभे राहून कुणालाच खाली सोडेनात. सुहासिनीला प्रयोगशाळेत पोहोचायचं होतं. तिला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात रणजितचा फोन आला. "मिल गया मॅडम!" उंदीर पिंजऱ्यातल्याच कापसात गाढ झोपला होता.

ती धावत जिन्यात गेली. "भाईसाहब, हमारा चूहा मिल गया। घर में जो है वो मामूली चूहा है।"

"सबूत?" निगमजींनी मास्क आणखी वर ओढला. "अपनी लॅब में जाँच कराइए।"

सुटका होत असेल तर तेही करू, म्हणून तिने रणजितला फोन लावला आणि जिन्यात जमलेल्या सर्वांना ऐकू जावं यासाठी स्पीकरवर टाकला. "रणजित, घर का एक चूहा जाँच के लिए ला रही हूँ."

"बाहर का चूहा?" रणजित किंचाळलाच. "बिलकुल नहीं मॅडम! हमारे चूहों को बीमारी लगा देगा!"

इतका वेळ कुणालाच खाली न सोडणारे निगमजी भिंतीला पाठ घासत एकेक पायरी खाली उतरू लागले.