बूट बाहेर

विद्यापीठाच्या बास्केटबॉल हॉलच्या दारात शांतवनकाका स्टूल टाकून बसले, त्याला महिना झाला होता. आत नवी लाकडी जमीन चकाकत होती. जुन्या हॉलचं छत गळायचं, कबुतरं सामने बघायला यायची आणि खड्ड्यात पडलेला चेंडू कुठे उसळेल हे फक्त घरच्या टीमला ठाऊक असायचं. तीस वर्षं त्या हॉलची किल्ली सांभाळलेल्या माणसाला ही असली जमीन बघून थोडं वेड लागलं, यात नवल नाही. त्यात क्रीडा विभागाच्या स्टेला मॅडमनी दम भरला होता, की एक जरी ओरखडा दिसला तरी किल्ली एजन्सीच्या वॉचमनकडे जाईल. किल्ली गेली तर आपण नुसते स्टुलावरचे म्हातारे उरू, या विचारानं काका सारखी खिशातली किल्ली चाचपायचे.

काकांनी दारावर पाटी लावली, 'बूट बाहेर'. ती खेळाडूंनाही लागू होती. मुलींची कॅप्टन रुपाली रोज हुज्जत घालायची.

"काका, हे खेळायचेच बूट हायेत. रस्त्यावर घालत न्हाई आमी."

"चर्चमधी मी चपला काढतो, देवळात तू काढतीस. मग हितं काढाया काय झालं?"

मुलांची टीम रागावून मुरमाच्या मैदानावर निघून गेली. मुली मात्र अनवाणी खेळू लागल्या. पहिला आठवडा त्या धडाधड पडल्या, मग तळपायांना फोड आले. काका घरून खोबरेल तेल आणून द्यायचे, पण बुटांना काही दारातून आत सोडायचे नाहीत.

उद्घाटनाचा सामना जामखेडच्या मुलींशी होता. त्यांनी घरच्या टीमला सलग पाच वर्षं धूळ चारली होती. त्या दिवशी गावभरचे लोक आले आणि दारात चपला-बुटांचा डोंगर झाला. रिबीन कापेपर्यंत काढून ठेवा, मग सामन्याला घाला, अशी समजूत घालून काकांनी जामखेडकरांचेही बूट काढून घेतले. सगळे अनवाणी पाहून प्रमुख पाहुण्यांनीही आपले टोकदार काळे बूट काढून दिले. तेवढ्यात मॅडम आल्या आणि हा ढीग फोटोत येईल, ताबडतोब हलवा, म्हणाल्या. काकांनी सात पोती भरली आणि हॉलमागे उभ्या असलेल्या मंडपवाल्याच्या रिकाम्या टेम्पोत नेऊन ठेवली.

रिबीन कापली. नारळही फुटला, तो काकांच्या हट्टापायी बाहेरच्या दगडावर. मग जामखेडच्या खेळाडूंना बूट द्यायला काका मागे गेले, तर टेम्पो गायब. त्यांनी टेम्पोचा ड्रायव्हर कानिफनाथला फोन लावला.

"काका, मी सावेडीत हाय. जादा खुर्च्या न्यायला आलोय."

"आरं, मागं पोती हुती ना?"

"व्हय, ती गोदामात उतरवली की. मालक कुलूप लावून जेवायला गेल्यात."

पाहुण्यांना तासाभरात निघायचं होतं. मॅडमनी किल्लीसाठी हात पुढे केला, आणि काकांनी खिशातली किल्ली काढून दिली. तेव्हा जामखेडचे प्रशिक्षक आसाराम सर हसले.

"मॅडम, तुमच्या पोरींच्याबी पायात काय न्हाई. खेळू द्या तसंच. बूट घालून हरवतोच, आज अनवाणी हरवू."

पुढच्या तासात आसाराम सरांचं हसू मावळलं. त्यांच्या मुली वळायला गेल्या की घसरायच्या, थांबायला गेल्या की पुढे जाऊन बसायच्या. रुपालीची टीम मात्र घरच्या ओट्यावर बागडावं तशी खेळत होती. गुण झाले बावन्न विरुद्ध एकोणीस. अनवाणी खेळून आपण मातीशी नातं जपलंत, असं पाहुण्यांनी त्या लाकडी जमिनीवर उभं राहून सांगितलं, आणि काकांच्या रबरी चपला घालून ते गाडीत बसले. मॅडमनी किल्ली परत दिली. काकांना रडू आलं.

परतीचा सामना जामखेडला, सिमेंटच्या कोर्टवर होता. सोमवारी सकाळी काकांनी स्वतःच्या हातानं पाटी काढली आणि मुलींचे बूट पुसून दारात ओळीनं मांडले.

"पोरींनो, बूट घालून खेळा. तिथं पाय भाजत्याल."

"आनि जमीन?" रुपालीनं विचारलं.

"जमीन मी पुसंन. तुमी जिंका."

"बूट घालून पाच वर्षं हरलो काका," रुपाली म्हणाली, आणि अनवाणीच आत गेली. तिच्यामागे सगळी टीम गेली.

काकांनी विनवलं, दटावलं. शेवटी दोन्ही हातांत बूट घेऊन ते मुलींच्या मागे कोर्टभर धावत सुटले. मधोमध पोचल्यावर त्यांना पायाखाली काहीतरी टकटक वाजल्यासारखं वाटलं. चपला पाहुण्यांकडे राहिल्यामुळे, गोदामातून पोती परत आल्यापासून दोन दिवस ते पाहुण्यांचे टोकदार, टाचेला खिळे असलेले बूट घालून हिंडत होते, आणि धावण्याच्या नादात ते काढायचे राहून गेले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. दारापासून कोर्टाच्या मध्यापर्यंत एक लांबलचक ओरखडा उमटला होता.

काकांनी खिशातली किल्ली चाचपली, एकवार ओरखड्याकडे पाहिलं, आणि हातातले बूट रुपालीपुढे ठेवले.

"पयला ओरखडा मीच काढला. आता तर घालशील?"

रुपाली खाली बसून नाड्या बांधू लागली.