आवडाबाईंची व्यसनमुक्ती

कन्नडच्या अलीकडं, घाटाची हवा जिथं पहिल्यांदा अंगाला लागते त्या शिवारात, एप्रिलमधल्या एका दुपारी बद्रीनाथच्या तळघरात फेसाळ वाइनची एक बाटली फुटली. फुटण्यापूर्वी तिनं कोणाचीही परवानगी घेतली नव्हती.

बद्रीनाथ पूर्वी साखर कारखान्यात केमिस्ट होता. मळीच्या वासाला कंटाळून त्यानं नोकरी सोडली, द्राक्षाचे वेल लावले आणि फेसाळ वाइन करायला घेतली. ही वाइन बाटलीत भरून तिथंच दुसऱ्यांदा आंबवायची असते, म्हणजे फेस आत कोंडून राहतो. पहिला माल तीन वर्षं तळघरात पडून तयार झाला होता. तो बाजारात गेला की घर तरणार होतं. नाही गेला, तर उन्हाळ्यात एकेक बाटली फुटणार आणि बद्रीनाथला पुन्हा कारखान्याच्या फाटकावर उभं राहावं लागणार, हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. शिवार त्या दिवसाची मनापासून वाट पाहत होतं.

घरात कोणी पीत नव्हतं. वाइन करायची, विकायची, पण घोट पोटात जाऊ द्यायचा नाही, असं घराचं तत्त्व होतं. बद्रीनाथ चव घ्यायचा तीही चूळ भरून थुंकायचा, आणि थुंकताना आईकडं पाठ करायचा. तत्त्वाला धरून धंद्याचा परवाना, तळघर आणि त्याखालची जमीन असं सगळं आई आवडाबाईंच्या नावावर होतं. बाईमाणसाच्या नावावर उद्योग दाखवला की सवलत मिळते, असं क्रांती चौकातल्या एका सल्लागारानं सांगितलं होतं. आवडाबाई सत्तरीच्या पुढच्या. रोज सकाळी खाली उतरून मांडणीवरच्या पालथ्या बाटल्या थोड्याथोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ हळूहळू मानेशी उतरतो. "तान्ह्या लेकरावानी कूस बदलावी लागती यांची," म्हणायच्या.

माल विकण्याची दरखास्त फेसयुक्त पेय नियमन कार्यालयात हिवाळ्यातच दिली होती. पण दरखास्तीत शहराचं नाव नवं होतं आणि कार्यालयाच्या शिक्क्यात जुनं. दोन्ही जुळेपर्यंत ऊन तापलं, वीज जाऊ लागली, तळघर गरम झालं आणि बाटली फुटली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बद्रीनाथ पडला शिकलेला. त्यानं फुटलेल्या बाटलीची खबर आपण होऊन कार्यालयाला दिली.

निरीक्षक सांडू जीपमधून आले. काचांकडं बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "फुटली?"

"फुटली, साहेब."

"कोणासमोर?"

"तळघर बंद होतं."

"म्हणजे बंद दाराआड. आतली वाइन कुठंय?"

"जमिनीत मुरली."

"जमीन कोणाची?"

"आमच्या मायची."

सांडूंनी टोपी काढून घाम पुसला. "म्हणजे मद्य परवानाधारकाच्या साठ्यातून निघालं आणि जमिनीच्या खातेदाराच्या कब्जात गेलं. खातेदाराकडं मद्यपानाचा वैयक्तिक परवाना आहे का?"

"साहेब, परवानाधारक मायच आहे, अन् खातेदारबी मायच."

"तेच म्हणतोय मी. स्वतःच स्वतःला पुरवठा. हे जास्त गंभीर आहे."

आवडाबाई पदर सावरत पुढं आल्या. "आरं बाबा, म्या थेंबभर बी तोंडाला लावली नाय."

"आजी, आम्ही तोंडाचं विचारत नाही. सातबाऱ्याचं विचारतोय."

"मंग मुरलेली काय उपसून देऊ तुला?"

"अजिबात नको. ते उत्खनन होईल. त्याचं खातं वेगळं."

सांडू वाईट माणूस नव्हते. जाताजाता त्यांनी उपायही सांगितला. आवडाबाईंच्या नावे पिण्याचा परवाना काढायचा, म्हणजे मुरलेली वाइन आपोआप नियमित होईल. तोवर तळघराला सील. रोज सकाळी एक शिपाई सील काढून आवडाबाईंना बाटल्या फिरवू द्यायचा आणि पुन्हा लावायचा, कारण मुद्देमालाची निगा राखणं कायद्यानं बंधनकारक होतं.

परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत होता की प्रकृतीला मद्य आवश्यक आहे. डॉक्टरनं आवडाबाईंची नाडी पाहिली.

"झोप लागते का, आजी?"

"पडल्यापडल्या."

"भूक?"

"लई."

डॉक्टरनं विचार करून लिहिलं, 'लक्षणे दबलेली आहेत.' परवाना मिळाला.

मे महिना आला. बाटल्या फुटत राहिल्या, जमीन भिजत राहिली आणि प्रत्येक बाटलीमागं आवडाबाईंची मंजूर मात्रा वाढवून घ्यावी लागली, त्यामुळं सील काही निघेना. महिनाअखेरीस, कार्यालयाच्या दप्तराप्रमाणं, त्या जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या मद्यपी होत्या. इतकी पिऊनही त्या पहाटे उठून शेण काढतात, याची नोंद मात्र कोणी घेतली नाही.

अशी व्यक्ती व्यसनमुक्ती प्रबोधन समितीच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. समितीचे अध्यक्ष नानासाहेब सांडूंना आणि फोटोग्राफरला घेऊन ओट्यावर येऊन बसले.

"आजी, संकोच करू नका. दिवसाला किती होते?"

"काय?"

"घेणं हो."

"मिसरी व्हय? सकाळी एकडाव, जेवल्यावर एकडाव."

"मिसरी आमच्याकडं येत नाही," नानासाहेब म्हणाले. "तिची समिती अजून नेमायची आहे."

बद्रीनाथनं सांडूंना बाजूला घेतलं. सांडू म्हणाले, "नियम सरळ आहे. आजी एकदा व्यसनातून सुटल्या की प्रकरण संपलं. प्रकरण संपलं की सील निघालं."

संध्याकाळी बद्रीनाथ आईच्या पुढ्यात उकिडवा बसला. "माय, एकदा हो म्हण. सोडते म्हण. आपला माल सुटंल."

"पिलेलीच नाय ती सोडू कशी, बद्री?"

"जशी पिलीस तशीच सोड."

आवडाबाईंनी मिसरीची डबी कनवटीला खोचली. मग म्हणाल्या, "माझ्या भावाच्या कानावर जाईल. त्यो पुन्हा उंबऱ्याला येणार नाय. पर तुझ्या बाटल्या जगत असतील तं म्हणते बाबा."

शहरातल्या एका हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात सोहळा झाला. आवडाबाईंनी माईकपुढं दारू सोडल्याची शपथ घेतली. शाल मिळाली, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शेजारची साळूबाई पेपर घेऊनच आली. "आवडाबाई, येवढ्या वर्साचा शेजार आपला, कधी वास बी येऊ दिला नाय हो," असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. भाऊ आला नाही.

सील मात्र निघालं. सांडूंनी शब्द पाळला. सोबत त्यांनी हुकूम आणला होता की व्यसनमुक्त व्यक्तीच्या जागेत मद्याचा साठा ठेवणं तिच्या प्रकृतीला घातक असल्यानं सर्व साठा तत्काळ हलवून त्याची विल्हेवाट लावावी.

बद्रीनाथनं हुकूम दोनदा वाचला. "विल्हेवाट म्हणजे? ओतून देणार?"

"कुठं ओतणार?" सांडूंनी समजावलं. "जमिनीत ओतली की तिथला खातेदार अडकला. हर्सूलच्या तळ्यात ओतली, तर मासे विनापरवाना. आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केलाय. शेवटी ठरलं की जबाबदार व्यक्तींनी थोडीथोडी वाटून घ्यावी आणि आपापल्या घरी, आपल्या जोखमीवर संपवावी. नानासाहेबांनी दोन खोकी घेतली. समाजासाठी कोणीतरी त्रास सोसायलाच हवा."

शिपाई बाटल्या वर आणू लागले. बद्रीनाथनं एकीच्या गळ्याला हात घातला. "एक तरी ठेवा, साहेब. तीन वर्षं झाली. घोट कसा उतरतो तेबी मला ठाऊक नाही."

"व्यसनमुक्त घरात?" सांडू खरोखर दुखावले. त्यांनी बाटली हळूच सोडवून घेतली.

"आरं, मान धरून उचलू नगा!" आवडाबाई जीपमागं चालत ओरडत होत्या. "बुडाला हात द्या!" जीप धुरळा उडवत शहराकडं गेली. पुढच्या सोमवारी बद्रीनाथ डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला.

जबाबदार व्यक्तींच्या घरांत एवढा माल मावेना. मग त्यांनी तो आणखी जबाबदार व्यक्तींना दिला. कोणाचा मेहुणा, कोणाचा शेजारी, कोणाच्या मुलाचे क्लासवाले सर.

तुमच्याकडंही एक आली होती. आठवतं का? वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ओळखीच्या साहेबांनी दिलेली. कोणाची, कुठली, कशी सुटली, हे तुम्ही विचारलं नाहीत. फुकट आलेल्या वस्तूला असलं विचारणं बरं दिसत नाही. फ्रिजमध्ये भाजीच्या मागं ठेवलीत आणि पाहुणे गेल्यावर उघडलीत. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करून म्हणालात, "आपल्याकडच्या लोकांना हे काही जमायचं नाही. मेहनतच नको असते."

आणि मग ग्लास पुढं केलात.