धुपाटण्याचा मान

आमच्या चर्चमध्ये धुपाटणं फिरवावं तर ते मीच, इंद्रजीत शिरसाठनं! बारा वर्षं हा मान माझ्याकडं आहे. साखळी किती ढिली सोडायची, निखाऱ्यावर ऊद किती घालायचा, सगळं मनगटात बसलंय. फक्त गेल्या ईस्टरला धुपाटणं फुलदाणीला लागलं आणि फुलदाणी पाण्यासकट पुढच्या बाकावरच्या मालनबाईंच्या मांडीत गेली.

फादर तेव्हा म्हणाले, "इंद्रजीत, चर्चच्या सणाला शेवटची संधी. पुन्हा गडबड झाली तर धुपाटणं दुसऱ्याच्या हातात."

सणाच्या आदल्या दिवशी मी शहागंजात जाऊन चर्चसाठी ऊद घेतला. त्याच दुकानातून बायकोनं, रत्नमालानं, सांगितलेली बाळाची धुरीही घेतली. मुलगी रूपा बाळंतपणाला आलेली, नातू सव्वा महिन्याचा. अंघोळीनंतर ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी मिळाली तर झोपतो, नाही तर दिवसभर टाहो फोडतो. दोन्ही वस्तू बारीक कुटून घेतल्या. दोन्ही पुड्या एकाच वर्तमानपत्राच्या.

"साब, ऊपर नाम लिखूं क्या?" दुकानदारानं विचारलं.

"बारा साल से यही काम करता हूं. नाक बोलेगा."

नाक तीन दिवस सर्दीनं चोंदलेलं होतं, पण ते काही दुकानदाराला सांगण्यासारखं नव्हतं.

सणाच्या सकाळी घाईत बाळाची धुरी राहिली. पहिल्यांदाच चर्चला निघालेलं बाळ रिक्षापासून जे रडायला लागलं, ते मिस्सेची उपासना सुरू झाली तरी थांबेना. फादर प्रवचनात धुपाचा अर्थ सांगत होते. धूर वर चढतो तशी आपली प्रार्थना देवाकडं जाते, आणि धूप वेदीला देतात तसाच माणसांनाही देतात, कारण देवाच्या घरात माणसाचाही मान असतो, वगैरे. रडण्यात निम्मं बुडालं. लोक माना वळवून बघत होते आणि माझ्या रूपाचं तोंड एवढंसं झालं होतं. पोरीचा महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला फार वाईट वाटलं, पण काय करणार, अर्पणाची वेळ झाली होती.

मी निखाऱ्यांवर दोन चमचे भुकटी घातली. धूर उठला. रंगीत काचांतलं ऊन त्यात उतरलं आणि निळं, तांबडं होऊन तरंगू लागलं. वेदीला, क्रुसाला, फादरना धूप दिला. मग लोकांकडं वळून वाकलो. तेही वाकले.

मी वर आलो. ते काही वर येईनात. कुणी बाकाला टेकलं, कुणी शेजाऱ्याला. मालनबाई मांडीवरचं प्रार्थनेचं पुस्तक हळूहळू थोपटू लागल्या.

फादरनी नाक वर केलं. "इंद्रजीत, काय जाळलंस?"

"ऊद, फादर."

"आमची आई गावी, कन्नडला, माझ्या धाकट्या भावाला हेच द्यायची रे," ते म्हणाले आणि धुराकडं बघत राहिले.

बाकावरून रत्नमाला कुजबुजली, "अवं, ती बाळाची पुडी हाय!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, रडणं थांबलंय. बाळ झोपलं होतं. त्याला कुशीत धरून रूपाही आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. मला कसलाच वास येत नव्हता, तरी मला माझी आई आठवली.

पुढची मिस्सा फादरनी कानगोष्ट सांगावी तशी केली. गाणारे गायले नाहीत. घंटा वाजवणाऱ्या धोंडिबानं तिचा लोळा मुठीत धरून घंटा नुसतीच हलवली. सगळं चर्च ढगावर ठेवल्यासारखं झालं होतं.

शेवटी दारात फादर म्हणाले, "आज लोकांना धुपाचा अर्थ कळला."

माझी छाती फुगली. "मग धुपाटणं माझ्याकडंच ना?"

"गडबड ती गडबड. पुडी कुणाची होती?"

"बायकोची."

"मग पुढच्या सणाला धुपाटणं रत्नमालाबाई धरतील."

"धरते की फादर," रत्नमाला म्हणाली. "यांचं नाक चार दिस झालं चोंदलंय. हे बाळाला बघतील."

तेल गेलं, तूप गेलं, की माणसाच्या हाती निदान धुपाटणं तरी उरतं म्हणतात. माझ्या हाती सध्या ओली दुपटी आहेत.