कातरण संपलं!

"यापुढे या कारखान्यातून चिमूटभरसुद्धा कचरा बाहेर जाणार नाही!" गाद्यांच्या कारखान्याच्या मॅनेजरांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. मूठ नेमकी फोमच्या तुकड्यावर पडल्यामुळे आवाज काही झाला नाही, पण निर्धार पक्का होता.

असायलाच हवा होता! मागच्या अंगणात फोमच्या कातरणाचा डोंगर इतका माजला होता, की मालकीणबाईंना स्वतःची गाडी लावायला जागा उरली नव्हती. "एक तर हा डोंगर जाईल, नाहीतर तुम्ही!" असं त्यांनी बजावलं होतं.

मॅनेजरांनी दोन युक्त्या काढल्या. एकच सुचली असती तर सुखी झाले असते! पहिली, फोम इतका नेटका कापायचा की कातरण निघताच कामा नये. दुसरी, साठलेल्या कातरणाचा मशीनमध्ये भुगा करून त्याच्या उशा भरायच्या.

झालं! ते हात धुऊन कापणाऱ्यांच्या मागे लागले. "सुरी सरळ! नजर सरळ! मानसुद्धा सरळ!" कापणारे इतके सरळ झाले, की घरी जेवताना पोळीचेही चौकोन पाडू लागले. इकडे उशा भराभर तयार होत होत्या, डोंगराची टेकडी झाली, टेकडीचा उंचवटा झाला, आणि एके सकाळी मालकीणबाईंची गाडी ऐटीत अंगणात उभी राहिली.

मॅनेजरांनी खुशीत एक उशी घरी नेली. बायकोने ती आपल्या भावाला दिली. भावाचं नवं हॉटेल उघडायचं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन!

"भाऊजी, काय झोप लागली म्हणून सांगू! उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनाच मला उठवावं लागलं! हॉटेलभर याच उशा हव्यात. पुढच्या आठवड्यात!"

"अरे, पण कातरण..."

"भाऊजी, नाही म्हणू नका!"

फोन बायकोने काढून घेतला. "पाठवतील रे! माझ्या माहेरचं काम आहे, कसे नाही म्हणतील?"

मॅनेजर धावत कारखान्यात आले. "मुकादमबाई, कातरण किती आहे?"

मुकादमबाईंनी अभिमानाने ओंजळ पुढे केली. "एवढंच, साहेब! सगळ्या पाळीचं मिळून!"

त्यांना शाबासकी द्यावी की कपाळ बडवून घ्यावं, हे मॅनेजरांना कळेना. शेवटी घाम पुसत त्यांनी नवा कोरा फोम मशीनमध्ये सारायला सांगितला. आणि नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन आत आल्या! पाहुणे कोण? तर कचरा कमी कसा करावा, हे पाहायला आलेले इतर कारखानदार!

"हे काय चाललंय?" एका पाहुण्याने विचारलं.

"कचरा तयार करतोय," मुकादमबाई निरागसपणे म्हणाल्या. "संपला होता ना!"

पाहुणे खोकू लागले. मालकीणबाईंनी मॅनेजरांना खांबाआड ओढलं.

"नवा फोम फाडता? ही तर उघड उघड नासाडी आहे!"

"मग उशा कशाच्या भरू, बाई?"

"कातरणाच्या! कातरण वापरलं की ती बचत. कापणाऱ्यांना सांगा, वाकडं कापा!"

"पण बाई, फोम तर तोच जाणार ना!"

"मला हिशेब शिकवू नका!"

मॅनेजरांनी हताश होऊन हुकूम सोडला. कापणाऱ्यांनी जीव तोडून प्रयत्न केला. पण सुरी उचलली की हात आपोआप सरळ जायचा! एकाने डोळे मिटून कापलं, तरी कड पट्टीने आखल्यासारखी. "नाही जमत हो, साहेब," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "एकदा तुम्हीच करून दाखवा ना!"

मॅनेजरांचा संयम सुटला. "त्यात काय आहे? द्या इकडे!" त्यांनी सुरी हिसकावली. सहा महिने दुसऱ्यांना शिकवत असले, तरी स्वतः फोम कापायची ही त्यांची पहिलीच वेळ. निदान एक कड तरी झोकात सरळ काढून दाखवू आणि मगच वाकडं कापू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून, त्यांनी आयुष्यातला सगळ्यात सरळ काप घेतला.

सगळे थक्क होऊन पाहत राहिले. मग मुकादमबाईंनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

"वा, साहेब! असं वाकडंतिकडं आमच्यातल्या कोणालाच जन्मात जमायचं नाही!"